खोड की वेदना? : तिसगाव-मढी परिसराच्या संदर्भात अश्ववर्गीय प्राण्यांच्या दुखण्याचा इतिहास

प्रास्ताविक

अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडला की तिसगाव लागते. गर्भगिरीच्या डोंगररांगेच्या सान्निध्यातील हे पाथर्डी तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. येथून जवळच मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या तेथील यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरत आला आहे. कैकाडी, वडार, बेलदार, कुंभार, परीट अशा ज्या समाजांचा चरितार्थ गाढवाच्या पाठीवर उभा राहिला, ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या या बाजाराला येत राहिली. खरेदीविक्रीबरोबर जातपंचायतींचे निवाडे आणि सोयरिकीही येथेच होत असत. यात्रेचा धार्मिक आणि सामाजिक अंगांनी विचार झालेला आहे. ज्या मुक्या जनावरासाठी हा बाजार भरतो, त्याच्या देहाचा इतिहास मात्र अभ्यासकांच्या नजरेबाहेर राहिला.

घोड्याच्या बाबतीतही स्थिती फारशी वेगळी नाही. अहमदनगर जिल्ह्याचा इतिहास घोड्याच्या टापांवाचून सांगताच येत नाही. १४९० पासूनची निजामशाही, मलिक अंबरचे चपळ घोडदळ, १७९५ ची खर्ड्याची लढाई, १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतलेला नगरचा किल्ला, या प्रत्येक प्रसंगी घोडा आहेच. परंतु तो आकड्याच्या रूपाने आहे. किती घोडे पडले, किती पाडाव झाले, किती नव्याने खरेदी केले, एवढेच कागद बोलतात. जखमी घोड्याला काय होत असे, त्याचे दुखणे कोण ओळखी, आणि ओळखून पुढे काय करी, हे प्रश्न विचारले गेले नाहीत.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका शब्दाच्या आधारे मांडावयाचे आहेत. तो शब्द म्हणजे 'खोड'. बसू न देणारा, मागचे पाय झाडणारा, लगाम चावणारा, चालता चालता अडणारा घोडा मराठीत 'खोडीचा' ठरतो. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण माणसाला लावली जाते. पण तिच्यामागची समजूत जनावरांच्या बाबतीत अधिक घट्ट आहे. खोड ही जनावराची असते, जन्मजात असते आणि तिला इलाज नसतो. वेदनेचे तसे नाही. वेदना म्हटली की कारण आले, आणि कारण शोधू लागले की खोगीर, नाल, ओझे आणि शेवटी मालक यांच्यापर्यंत जावे लागते. घोड्याचे दुखणे आपल्या पूर्वजांना दिसत नव्हते असे म्हणता येत नाही. ते दिसत होते. परंतु त्याची नोंद बहुतेक वेळा दोष म्हणून झाली.

शालिहोत्र ते सालोत्री

भारतीय परंपरेत अश्ववैद्यकाचे आद्यत्व शालिहोत्र या ऋषींकडे दिले जाते. पांडवांपैकी नकुल हा अश्वविद्येत निष्णात मानला गेला. विराटाच्या पदरी तो ग्रंथिक या नावाने घोड्यांची देखभाल करीत होता, ही कथा सर्वपरिचित आहे. त्याच्या नावावर असलेला 'अश्वचिकित्सित' हा ग्रंथ आणि जयदत्ताचा 'अश्ववैद्यक' हे दोन्ही बिब्लिओथिका इंडिका या मालेत १८८७ साली प्रसिद्ध झाले. दख्खनेत बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या आश्रयाने अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्र परंपरेतील विद्या फारसीत आणली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही अश्वशास्त्रावरील हस्तलिखिते जतन झालेली आहेत. विद्येचा हा प्रवास सामान्य व्यवहारात एका शब्दापुरता उरला. घोड्याच्या वैद्याला दख्खनेत आणि उत्तरेत सालोत्री, सलोतरी म्हणत, तो शब्द शालिहोत्राचाच अपभ्रंश होय.

या ग्रंथांत रोगांची लक्षणे आहेत, शूळाचे प्रकार आहेत, व्रणांचे उपचार आहेत. परंतु त्यांची पाने उलटताना एक गोष्ट लक्षात येते. घोड्याच्या अंगावरील भोवरे, रंग आणि शुभाशुभ चिन्हे यांना त्यांत फार मोठी जागा मिळालेली आहे. कोणता भोवरा धन्याला राज्य देतो आणि कोणता त्याचा घात करतो, याचा विचार ग्रंथकार मनापासून करतात. 'देवमण' असलेल्या घोड्याला सारंगखेड्याच्या बाजारात आजही चढा भाव मिळतो, तो याच परंपरेमुळे. भोवरा केसांत असतो, दुखणे हाडात आणि स्नायूत असते. खरेदीच्या वेळी नजर मात्र प्रथम केसांकडे जाते.

वेदना ही जबाबदारीची बाब आहे याची जाणीव अर्थशास्त्रात अधिक स्पष्ट दिसते, आणि ती धर्मग्रंथात नसून राज्यव्यवहाराच्या ग्रंथात असावी हे लक्षणीय आहे. कौटिल्याच्या 'अश्वाध्यक्ष' या प्रकरणात चिकित्सेच्या किंवा औषधाच्या दोषाने घोड्याचा आजार वाढल्यास उपचारखर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे. त्या चुकीने घोडाच दगावल्यास त्याची किंमत भरावी लागे. युद्ध, व्याधी, वार्धक्य किंवा अतिश्रम यांनी क्षीण झालेल्या घोड्यांना पोसावे, अशीही तरतूद आहे. अर्थात हा दंड राजाच्या मालमत्तेच्या हानीबद्दलचा आहे, हे विसरून चालत नाही.

सालोत्र्याच्या हाती साधने थोडी होती. पोटशुळावर हिंग, सुंठ, ओवा यांसारखे दीपन-पाचन, सुजेवर शेक आणि लेप, आणि जुनाट लंगडेपणावर 'डाग', म्हणजे तापलेल्या लोखंडाने डागणे. एक दुखणे दुसऱ्या दुखण्याने झाकावयाचे, हा डागण्यामागचा व्यवहार. डागलेला घोडा काही दिवस पाय जपून टाकतो, त्याला सक्तीची विश्रांती मिळते, आणि ती विश्रांतीच गुण देते. श्रेय मात्र लोखंडाला जाते. हा समज केवळ आपल्याकडचा नव्हता. युरोपातील घोड्यांचे पाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डागले जात होते. ब्रिस्टल येथील संशोधकांनी स्नायुबंधाच्या इजेवर केलेला अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि डागण्याने जखम भरून येण्यास काही मदत होत नसल्याचे त्यातून पुढे आले.

पागेतील व्यवहार

मराठेशाहीच्या लष्करी रचनेत घोड्याच्या वेदनेचा प्रश्न मालकीशी जोडलेला होता. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीच पडली. यामुळे शिलेदार आपला घोडा धोक्यात घालण्यास कचरत, असे निरीक्षण इतिहासकारांनी नोंदविले आहे आणि ते बहुधा टीकेच्या सुरात आहे. याच वस्तुस्थितीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर असे म्हणावे लागते की, घोड्याचे पाऊल किंचित चुकले तरी ज्याच्या काळजाचा ठोका चुके, असा माणूस त्या सैन्यात शिलेदारच होता. बारगिराला ती काळजी नव्हती असे नव्हे. पण त्याच्या काळजीला पागेच्या शिस्तीचा आधार लागे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला आणि त्या आधाराची व्यवस्थाही केली. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची जी रचना दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद अशी नेमणूक आहे. या एका तपशिलाकडे इतिहासकारांनी सहसा संघटनकौशल्याचा नमुना म्हणून पाहिले. पण पशुवैद्यकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. घोड्याच्या लंगडेपणाचे मूळ फार मोठ्या प्रमाणात खुरात असते. झिजलेली नाल, चुकीच्या जागी बसलेला खिळा, खुरात रुतलेला खडा, तळव्यात साचलेला पू ही दुखणी सर्वप्रथम नालबंदाच्या हाताला कळतात. पाय उचलून गुडघ्यावर घेताच घोडा तो सोडवून घेतो की देतो, एक खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो की नाही, ठोकताना कोणत्या खिळ्याला तो अंग चोरतो, ही नालबंदाची रोजची परीक्षा होती. ती कोणी लिहून ठेवली नाही, कारण लिहिणाऱ्याला खूर धरावा लागत नसे.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयामुळे ते वारंवार उद्धृत होते. त्या पत्राचा फार मोठा भाग घोड्यांविषयी आहे, हे मात्र कमी सांगितले जाते. दाणा आणि वैरण आताच मनमानीने संपविली तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. गवताच्या गंजीजवळ चूल, चिलीम किंवा दिवा नको, आग लागली तर घोडी जगणार नाहीत, अशी बारीक काळजीही आहे. घोडा मरण्याआधीच त्या मृत्यूची जबाबदारी निश्चित करणारा असा कागद दुर्मीळच म्हणावा लागेल. खोडीची भाषा त्यात कोठेही नाही. उलट १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर कोंडलेल्या फौजेची घोडी दाणावैरणीवाचून कशी खंगली, हे पाहिले म्हणजे त्या इशाऱ्याचे मोल कळते.

पागेच्या हिशेबी कागदांत घोड्याचा रंग, वय, किंमत आणि ओळखीच्या खुणा येतात. अबलख, कुमाईत, पंचकल्याणी अशी वर्णने वाचताना एक बाब ध्यानात ठेवावी लागते. खोगिराच्या दाबाने पाठीवरील किंवा मानेच्या बुडाशी असलेली कातडी जखमी झाली की, जखम भरल्यावर तेथे पुष्कळदा पांढरे केस उगवतात. असा पांढरा ठिपका म्हणजे जुन्या वेदनेचा न पुसला जाणारा दाखलाच होय. कारकुनाच्या दृष्टीने मात्र ती ओळखीची खूण ठरे. दुखण्याची साक्ष डोळ्यांसमोर असताना ती रंगाच्या रकान्यात जावी, यापेक्षा या विषयाचे बोलके उदाहरण सापडणे कठीण.

छावणी, ट्राम आणि कायदा

१८१७ मध्ये पुणे करारानंतर इंग्रजांनी उभारलेले पूना ऑक्झिलरी हॉर्स हे दल शिलेदारी पद्धतीवरच बेतलेले होते. ही पद्धत ब्रिटिश-भारतीय घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. अहमदनगर येथे लष्करासाठी नवे घोडे सांभाळून तयार करण्याचा रिमाऊंट डेपोही होता. पुढे काळ बदलला आणि १९४८ पासून त्याच नगरात रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले.

पाश्चात्त्य पशुवैद्यक या प्रदेशात आले ते लष्कराच्या गरजेपोटी. पुणे येथे १८६२ साली लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात इम्पीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या 'सरा' या रोगावर संशोधन केले. या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्येच पंजाबात शोधला होता. १८९९ च्या ग्लँडर्स अँड फार्सी कायद्याने संसर्ग झालेल्या घोड्याला नष्ट करण्याचा अधिकार दिला. या सर्व प्रयत्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांचा केंद्रबिंदू संसर्ग हा होता. एका घोड्याचे दुखणे दुसऱ्याला लागत नाही, म्हणून ते सरकारी चिंतेचा विषय झाले नाही.

वेदना हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला तो मुंबईच्या रस्त्यावर. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी मुंबईची संस्था स्थापन झाली. हा योगायोग असेलही. पण भरउन्हात घसरून पडणारा घोडा शहराच्या मध्यवस्तीत, सुशिक्षितांच्या नजरेसमोर, रोज दिसू लागला हे खरे. दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. १८९० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याची जागा घेणारा १९६० चा कायदा हे याच प्रवाहातील टप्पे होत.

१९६० च्या कायद्याने आजारी, अशक्त किंवा जखमी जनावराला कामास जुंपणे हा अपराध ठरविला. त्याखालील १९६५ च्या नियमांनी पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा घालून दिली. तट्टाला ७० किलो, गाढवाला ५० किलो आणि खेचराला २०० किलो. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको आणि ३७ अंशांहून अधिक तापमान असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये, असेही त्यात आहे. सुमारे तीन किलोची एक वीट धरली तर गाढवाची मर्यादा सोळा विटांत संपते. वीटभट्टीवरील किंवा नदीपात्रातील वाळूवरील व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

येथे कायद्याची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. कायद्याला जखम दिसते. सोललेली पाठ, सुजलेला सांधा, वाहणारे रक्त ही पुराव्याची साधने आहेत. जखमेवाचून असलेली वेदना, म्हणजे पाठीच्या खोल स्नायूंतील ताण, खुराच्या आतला दाह, दाताच्या टोकाने गालात पडलेला व्रण, ही पंचनाम्यात येत नाही. ती पुन्हा खोडीच्याच खात्यावर जमा होते.

मढीचा बाजार आणि गाढवाचे मौन

जनावरांच्या कोणत्याही बाजारात दोन प्रकारचे ज्ञान समोरासमोर उभे असते. विकणाऱ्याला जनावराचे दुखणे ठाऊक असते आणि ते झाकावयाचे असते. घेणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि ते शोधावयाचे असते. म्हणून घेणारा तोंड उघडून दात पाहतो, कणखर जमिनीवर चालवून बघतो, पाठीवरून हात दाबीत नेतो, पाय उचलतो. ही कसून केलेली वैद्यकीय तपासणीच होय. फरक एवढाच, की तिचा शेवट औषधात न होता भावात होतो. दुखणे सापडले की किंमत उतरते. जनावर तेच दुखणे घेऊन नव्या धन्याकडे जाते.

गाढवाच्या बाबतीत हा खेळ अधिक अवघड आहे. घोडा हा भक्ष्य होणारा, कळपाने राहणारा प्राणी. अशक्तपणा दाखविला तर शिकारी त्यालाच निवडणार, म्हणून दुखणे लपविण्याकडे त्याची प्रवृत्ती असते. तरीही पोटशूळ झालेला घोडा पोटाकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, घामाने निथळतो. गाढव बहुतेक वेळा यांतले काहीच करीत नाही. ते फक्त स्तब्ध उभे राहते, कान थोडे पाडते आणि खाणे सोडते. पळण्याऐवजी थांबून अंदाज घेणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. आपण त्यालाच हेकटपणा म्हणत आलो. मराठीत गाढवावर म्हणींची कमतरता नाही. गाढवापुढे गीता वाचली, त्याला गुळाची चव कळली नाही, अडलेल्या हरीने त्याचे पाय धरले. पण गाढव स्वतः का अडले, असे विचारणारी म्हण नाही. आणि ते अडणे कधी कधी प्राणांतिक असते. काही दिवस न खाल्लेल्या गाढवाच्या रक्तात चरबीचे प्रमाण धोकादायक रीतीने वाढते आणि यकृत निकामी होऊ शकते. 'दोन दिवस चरत नाही, येईल ताळ्यावर' असे म्हणणारा मालक त्या वेळी हट्ट मोडीत नसतो, जनावर गमावीत असतो.

येथे मालकाला दोष देणे सोपे आहे, परंतु ते इतिहासाला धरून होणार नाही. ज्या समाजांनी गाढव पाळले, त्यांना स्थिर जमीन नव्हती; काहींना तर वसाहतकालीन कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. जनावराला एक दिवस विश्रांती देणे म्हणजे घरातल्या माणसांचा एक दिवस उपास. शिलेदाराप्रमाणेच हा मालकही जनावरावर जगतो. पण शिलेदाराच्या घोड्याला चंदी देता येईल एवढा मोबदला त्याच्या पदरी कधी पडला नाही. गाढवाचे दुखणे त्याला कळत नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कळून थांबणे त्याला परवडत नाही, हे अधिक खरे.

वेदनेचे मोजमाप आणि औषध

वेदना मोजण्याचा शास्त्रीय प्रयत्न तसा अलीकडचा आहे. खुराच्या दाहाने लंगडणाऱ्या घोड्यांसाठी नील्स ओबेल या स्वीडिश संशोधकाने १९४८ मध्ये चार पायऱ्यांची श्रेणी ठरविली. उभ्या उभ्या आळीपाळीने पाय उचलणारा घोडा पहिल्या पायरीवर आणि बळजबरी केल्याशिवाय न हलणारा चौथ्या. त्यानंतर लक्ष चेहऱ्याकडे वळावयास २०१४ साल उजाडले. एमानुएला डल्ला कोस्टा आणि सहकाऱ्यांनी खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेतून जाणाऱ्या घोड्यांचे चेहरे अभ्यासून सहा चिन्हे निश्चित केली. मागे ताठ वळलेले कान, आक्रसलेली पापणी, डोळ्यावरच्या भागातील ताण, फुगून दिसणारे चावण्याचे स्नायू, आवळलेले ओठ व पुढे आलेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यावयाचे. भोवरे पाहण्यासाठी ज्या चेहऱ्याकडे शतकानुशतके निरखून पाहिले गेले, त्याच चेहऱ्याचे हे नवे वाचन होय.

या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम स्यू डायसन यांचे आहे. स्वार बसलेला असताना घोडा जे चोवीस प्रकारचे वर्तन करतो, त्यांची सूची त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडली. शेपूट फटकारणे, तोंड वारंवार उघडणे, मान वर फेकणे, अडणे, उधळणे. यांपैकी आठ किंवा अधिक गोष्टी आढळल्यास हाडे-स्नायूंतील वेदनेचा दाट संशय घ्यावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही सूची आणि आपल्याकडील घोड्यांच्या खोडींची यादी शेजारी ठेवली तर दोन्हींत किती साम्य आहे ते दिसते. सगळीच खोड वेदना नसते. वाईट शिकवणीने किंवा भीतीनेही घोडा बिघडतो. पण आधी दुखणे तपासावे आणि मग स्वभावाला दोष द्यावा, असा क्रम या संशोधनाने लावून दिला.

औषधोपचाराच्या इतिहासात भारताचा अनुभव सर्वस्वी निराळा आणि काहीसा चटका लावणारा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर फिनाइलब्युटाझोन आणि पुढे फ्लुनिक्सिन ही वेदनाशामके घोड्यांसाठी वापरात आली. येथेही गाढव म्हणजे लहान घोडा नव्हे. ही औषधे त्याच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे घोड्याच्या वेळापत्रकाने दिलेली मात्रा त्याला पुरत नाही. भारतात जनावरांसाठी सर्वत्र सुलभ झाले ते स्वस्त डायक्लोफिनॅक. जनावराला आराम पडे. परंतु उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर गिधाडांची संख्या कोसळली होती. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांवरही ती घालण्यात आली. गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम हा पर्याय आता उपलब्ध आहे. वेदनेच्या उपचाराचे परिणाम गोठ्यापुरते किंवा पागेपुरते मर्यादित राहत नाहीत, हे जगाला या देशातून कळले.

दरम्यान ज्यांच्यासाठी हे सारे, ते प्राणीच वेगाने कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे सुमारे ३.४ लाख उरली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्के आहे. गाढवे तर सुमारे ६१ टक्क्यांनी घटून १.२ लाखांवर आली. भीमा खोऱ्यातील ज्या काटक घोड्यांवर मराठ्यांनी मोहिमा केल्या आणि ज्यांच्या पाठीवर धनगरांचे बिऱ्हाड आजही फिरते, त्या भीमथडी घोड्याला २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याची उंची, बांधा, रंग यांची नोंद आता झाली आहे.

नालबंद, मोतद्दार, धनगर आणि मढीला येणारे गाढववाले यांच्या बोलीतील नोंद व्हावयाची राहिली आहे. जनावराच्या चालीतला किंचित फरक, कान पाडण्याची तऱ्हा, ओझे चढविताना पाठ चोरणे, चारा तोंडात घेऊन चघळायचे थांबणे, यांसाठी त्यांच्याकडे असलेले शब्द कोणत्याही कोशात एकत्र आलेले नाहीत. तिसगाव-पाथर्डी परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांना रंगपंचमीच्या बाजारात हे काम करता येण्याजोगे आहे. माहिती देणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता वयोवृद्ध झाले असून त्यांची मुले ट्रॅक्टरवर काम करतात.